पिठावरचं पाऊल

अहो,

तुमचा जीव गेला दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत, आणि पीठ पसरलं गेलं आपल्या हॉलमध्ये. तुमच्या आक्का करकंबहून आल्या त्याच मुळी पीठ कुठं पसरलंय असं विचारत. प्राण जातो तिथंच पीठ पसरायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. पण त्या पलंगावर एव्हाना दुसरा पेशंट आला असणार, त्याच्या उशाशी आपल्याला कोण पीठ पसरू देणार? बराच खल झाला. शेवटी देह जिथं आणून ठेवला होता ती जागा धरायची असं ठरलं. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात येत होतं, हा वाद यांना किती आवडला असता. खुर्ची पुढं ओढून, चष्मा पुसत तुम्ही सांगायला लागला असता की ऊर्जा सुटते ती जाग्यावर सुटते, ती काही ॲम्ब्युलन्समध्ये बसून घरी येत नाही.

ज्यांच्याकडं ही पद्धत नाही ते ऐकून हसतात. गव्हाचं पीठ बारीक चाळायचं, फरशीवर पातळ पसरायचं, मधोमध दक्षिणेकडं वात करून दिवा ठेवायचा आणि वर वेताची दुरडी पालथी घालायची. सकाळी दुरडी उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पाखराचं पाऊल दिसलं तर पाखरू झालं. खूर दिसला तर जनावराच्या जन्माला गेलं. माणसाचं पाऊल दिसलं तर जीव पुन्हा माणसात आला, आणि काहीच दिसलं नाही तर सुटला. तुमच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि लग्न होऊन आल्यापासून मीही ते मुकाट्यानं करत आले.

एप्रिल महिना, त्यात आपलं सोलापूर. हॉलमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि आक्कांनी पंखा लावू दिला नाही. वर दुरडी होती, पण त्यांचा दुरडीवर भरवसा नव्हता. पीठ हललं तर भावाचा जन्म हलेल अशी त्यांना धास्ती. सगळे पदरानं, टॉवेलनं, मिळेल त्या पुठ्ठ्यानं वारा घेत होते. लोकांचे पंखे फिरत राहावेत म्हणून तुम्ही उभी नोकरी सबस्टेशनात काढली आणि तुमच्याच दिवशी आपल्या घरातला पंखा बंद. मला एकदम हसू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी माझं डोकं खांद्यावर घेतलं. मग खरंच रडू आलं.

आता सगळे गेलेत. तेरावा झाला, आक्काही परवाच्या एसटीनं गेल्या. मी थकले आहे. तुमच्या आजारपणानं थकले त्यापेक्षा जास्त सांगून सांगून थकले. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, ताप कधी आला, सूज कधी चढली, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी काय बोलले. हे शेवटचं मी कुणालाच खरं सांगितलं नाही. झोपेतच गेले, असं सांगत राहिले. लोकांनाही ते बरं वाटतं. तुमच्याशी मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण आपला एक वाद अर्धा राहिलाय आणि तुमच्यामागं तो घरात मोठा होऊन बसलाय.

तुमचा सिद्धांत अख्ख्या कॉलनीला पाठ होता. संध्याकाळी गच्चीवर चार रिटायर्ड माणसं जमली की तुम्ही सुरू. दिवा गेला म्हणून वीज जात नाही. वायरमधून आलेली वीज पंख्यात गेली की वारा, शेगडीत गेली की धग, आणि ती स्वतः यातलं काहीच नाही. माणसात आली की माणूस म्हणायचं, झाडात आली की झाड. ती मरत नाही, फक्त इकडून तिकडं जाते. कुणीतरी विचारायचं, मग मागच्या जन्मीचं आठवत का नाही? तुम्ही म्हणायचा, "ऊर्जेला नाव नसतं. तिला कशाला काय आठवेल?" मी चहाचा ट्रे घेऊन जिना चढता चढता हे इतक्यांदा ऐकलंय की तुमच्याऐवजी मला बसवलं असतं तरी मी तासभर बोलले असते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुम्ही भेटलात तेव्हा मला कळलं की काहींची मेल्यावरही जाणार नाही.

आणि ते तुमचे तळहात. दोन्ही हात एकमेकांवर घासायचे आणि माझ्या गुडघ्यावर ठेवायचे. प्राण देतोय म्हणायचा. सकाळच्या प्राणायामात साठवलेला असतो आणि संध्याकाळी तो वाटायचा असतो, असा तुमचा हिशोब. "बरं वाटतंय का?" म्हणून विचारायचा आणि मी, भाजी करपतीय, हात काढा, म्हणायचे. बरं वाटायचं हो. त्यात प्राण होता की नुसती ऊब होती हे मला माहीत नाही, आणि मी कधी शोधलंही नाही. आता मांडी घालून बसले की उठता येत नाही. प्राजक्ता हात देते. सूनबाई गुणाची आहे, पण तिचे हात थंड असतात.

माझं स्वतःचं विचाराल तर मला या जन्म-मरणाचं फार कधी पडलं नव्हतं. बार्शीला आमच्या घरी पुनर्जन्म हा जेवणातल्या मिठासारखा होता. आहे म्हणून कुणी सांगत नव्हतं आणि नाही म्हणून कुणी विचारत नव्हतं. मांजर दारात येऊन बसलं तरी आई म्हणायची, असेल कुणीतरी आपलंच, घाला दूध. कीर्तनात बुवा चौऱ्याऐंशी लक्ष योनींचं सांगायला लागले की मला आधी दमल्यासारखंच व्हायचं. एवढ्या वेळा उठायचं, एवढ्या वेळा दात घासायचे. तुम्हाला पुन्हा पुन्हा यायची हौस होती. मला हा एक पुरे झाला, आणि तो तुमच्याबरोबर गेला हे चांगलं झालं. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही गच्चीवर चौघांना सांगितलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येते.

आपल्या घरात पिठावर माणसाचं पाऊल एकदा याआधीही उमटलं होतं. तुमचे वडील, आबा, गेले तेव्हा. शेती सोडून तुम्ही सोलापूरला नोकरी धरली म्हणून आबांनी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. माझ्या मढ्यालाही येऊ नको, असं ते भर अंगणात म्हणाले होते. तसंच झालं. ते गेल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही ड्युटीवर होता, बदली माणूस मिळेपर्यंत वेळ गेला, आणि आपण करकंबला पोचलो तोवर चुलतभावानं अग्नी दिलेला होता. तुम्ही पेटलेल्या सरणासमोर हातात पिशवी घेऊन उभे होता. ती पिशवी तुमच्या हातातून मी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी दुरडी उचलली आणि बाळाचं पाऊल आहे म्हणून सांगितलं. मला पाचवा महिना होता. सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटाकडं वळल्या. आबाच आले म्हणून आक्कांनी माझ्या कपाळाला हात लावला, आणि तुम्ही तिथंच, पिठाशेजारी, मटकन खाली बसलात.

मुलगा झाला. नाव आबांचं ठेवलं. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून स्वतःच्या मुलाला मी कधी नावानं हाक मारू शकले नाही, सोन्या म्हणत राहिले. तुम्ही त्याला आबा म्हणायचा. बाकीच्यांना वाटायचं लाडानं म्हणतात. लाड नव्हता तो. पाळण्यातल्या पोराला तुम्ही घाबरायचा. ते रडायला लागलं की तुमचा चेहरा उतरायचा, जणू काही चुकलं तुमचं. तो रांगत खोलीत आला की तुम्ही कॉटवर पसरलेले पाय खाली घ्यायचा. पहिली भाकरी त्याच्या ताटात, मग तुमच्या. त्यानं तुमचा रेडिओ जिन्यावरून खाली टाकला तेव्हा तुम्ही तुकडे गोळा करून पेपरात बांधले आणि त्यालाच विचारलंत, "लागलं नाही ना?" परीक्षेत नापास झाला तेव्हा तुम्ही निकालपत्रावर सही केली आणि चहा मागितलात. कॉलनीतल्या बाया मला म्हणायच्या, तुमचे मिस्टर किती शांत. मी हो म्हणायचे. तुम्ही त्याला कधी मांडीवर घेतलं नाही हे त्या बघत नव्हत्या. वडलांना मांडीवर कसं घेणार?

एकदा सोन्या शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि तुमच्यासमोर उभा राहिला. वर्गातली पोरं आपापल्या वडलांनी कसं बदडलं ते एकमेकांना फुशारकीनं सांगत होती आणि याच्याकडं सांगायला काहीच नव्हतं. तो म्हणाला, "अण्णा, मला पण एकदा मारा की."

तुम्ही हसला नाहीत. उठून गच्चीवर गेलात. मी त्याला गूळशेंगदाणे दिले आणि विषय बदलला. त्याला मार नको होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या रात्रीचं नाही, पुढं कितीतरी वर्षांनी, तो चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला लागल्यावर, मी तुम्हाला सरळ विचारलं. म्हटलं, ऊर्जेला नाव नसतं ना? मग सोन्या खोलीत आला की तुमचे पाय खाली का येतात? ती वीज करकंबहून निघाली आणि जोडायला नेमकं आपलंच घर मिळालं, असं कोणत्या सबस्टेशनात लिहिलंय? आणि पाचव्या महिन्यापर्यंत माझ्या पोटात जे हलत होतं ते कोण होतं? तुम्ही म्हणालात, जीव पाचव्या महिन्यातच पडतो. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत, तुमच्या पोटात होता का? तुम्ही हसलात. मग चष्मा काढून बराच वेळ हातात धरलात आणि म्हणालात, "सुमन, तिथं माझा सिद्धांत चालत नाही बघ. सगळीकडं चालतो, तिथं चालत नाही." मला तुमची दया आली. वाद तिथं अर्धा राहिला. नंतर बोलू म्हटलं. नंतर किती वर्षं होती आपल्याकडं, तरी बोललो नाही.

दवाखान्यातली ती दुपार सांगते. तुम्हाला आठवत असेल की नाही, आठवायला तुम्ही असाल की नाही, सगळाच घोळ आहे. एकालाच आत सोडत होते. सोन्या आत होता, मी दार अर्धं उघडून उभी होते. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला सारलात आणि त्याचा हात घट्ट धरलात. त्याला वाटलं पाणी हवंय. तुम्ही म्हणालात, "आबा, मी चुकलो." तो माझ्याकडं बघायला लागला. तुम्ही पुन्हा म्हणालात, "आबा, मी लवकर यायला पाहिजे होतं."

सोन्या वाकला, तुमच्या कपाळावरचा घाम त्यानं पुसला आणि तुम्हाला उद्देशून आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हणाला. "झालं गेलं. माझा राग नाही तुझ्यावर. तू झोप आता."

तुमची पकड सुटली. डोळे मिटलेत आणि चेहऱ्यावरचा तो कायमचा ओशाळा भाव होता ना, तो गेला. मला त्या वेळी दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या. तुमची सुटका झाली म्हणून देवाला हात जोडावेसे वाटले, आणि पोराकडं बघवेना. बाहेर येऊन त्यानं बेसिनवर तोंड धुतलं आणि औषधं आणायला खाली गेला. संध्याकाळ व्हायच्या आत तुम्ही गेलात.

आणि मग पीठ. सकाळी सगळे गोल बसले. पोटुशीनं बघू नये म्हणून आक्कांनी प्राजक्ताला आतल्या खोलीत बसवलं होतं. दुरडी उचलली. दिव्याची काजळी पडली होती, तेल सांडून एक लांबट खळगा झाला होता आणि त्याच्यापुढं बारीक बारीक टिपके होते. मुंगी गेली असेल, वात तडतडली असेल. आक्का कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. त्यांनी तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलंय. पाठचा भाऊ आपल्या आधी गेला हे त्यांना कुठं ठेवावं कळत नव्हतं.

"बाळाचं पाऊल हाय," त्या म्हणाल्या. "माजा भाऊ कुटं जातुय? हितंच आलाय, आपल्या घरात."

मी म्हणू शकले असते. तुमच्याच नियमानं जीव पाचव्या महिन्यात पडतो आणि प्राजक्ताला सातवा चालू आहे, म्हणजे जागा आधीच भरलेली. हे मी नंतर स्वयंपाकघरात आक्कांना म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "सातव्यात बी पडतो की." आता सत्तरी उलटलेल्या बाईशी भाऊ गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी काय हुज्जत घालायची? त्यांना तेवढाच आधार होता. तो मी काढून घेतला नाही.

पण मग प्राजक्ताला बाहेर बोलावलं आणि सोन्या उठला. सगळ्यांसमोर, मुंडण केलेलं डोकं खाली घालून, त्यानं बायकोच्या पोटाला दोन्ही हात जोडले. नमस्कार केला. प्राजक्ताचा चेहरा पांढरा पडला. तिनं पदर पोटावर ओढून घेतला आणि माझ्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, इतके दवाखाने झाल्यावर दिवस गेलेत तिला.

त्या दिवसापासून घरात तेच सुरू आहे. तो तिच्याशी हळू बोलतो, तिच्याशी म्हणजे पोटाशी. फळं आणतो ती तुमच्या आवडीची, सीताफळाचा मोसम नाही तरी विचारत फिरतो. बाळाच्या पाळण्यासाठी छताला कडी ठोकायची होती तर नको म्हणाला, अण्णांना हलणारं आवडत नव्हतं. आणि काल प्राजक्ता कॉटवर येऊन टेकली तर यानं पसरलेले पाय खाली घेतले. मी ताक घुसळत होते. माझा हातच थांबला.

सकाळी भाकरी थापता थापता प्राजक्ता मला म्हणाली, "आई, एक विचारू? बाळानं हट्ट केला तर मी रागवायचं की नाही?" मी काही बोलायच्या आत तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पिठाचे हात, तिला पुसताही येईना. "मला बाळ हवंय हो," ती म्हणाली. "अण्णा नकोत." मग लगेच चाचरली, तसं नाही म्हणायचं मला, अण्णा मला फार आवडायचे. मी म्हटलं, मला माहीत आहे. तुम्ही तिला पहिल्या दिवसापासून बाळ म्हणायचा, स्कूटरवरून ऑफिसला सोडायचा, चुकलं तर रागवायचासुद्धा. सोन्याला जे दिलं नाहीत ते सगळं तिला दिलंत. म्हणून तर तिला रडू येत होतं.

दुपारी सोन्या ड्युटीवरून आला. जेवण झालं, प्राजक्ता आत झोपली होती. मी त्याला समोर बसवलं. मला लांबण लावायची ताकद नव्हती, एकदम सांगून टाकलं. म्हटलं, ते पाऊल नव्हतं. काजळी होती आणि सांडलेलं तेल होतं.

"माहितीय आई," तो म्हणाला. दिवसभर कारखान्यात माल तपासणारा माणूस आहे तो. काय कशानं उमटतं ते त्याला माझ्यापेक्षा कळतं.

मग हे काय चालवलंयस, असं मी विचारलं. तो नखानं टेबलावरचा सनमायका उकरत बसला. लहानपणी दटावायचे त्याबद्दल, आज दटावलं नाही.

"शेवटीपण ते माझ्याशी नाही बोलले," तो म्हणाला. "आबांशी बोलले. मला वाटायचं, एकदा तरी माझ्याकडं पोरगा म्हणून बघतील." उकरलेला भुगा त्यानं तळहातानं गोळा केला. "आता ते माझ्या पोटी आले, तर निदान मांडीवर तरी घेता येईल त्यांना."

अहो, चाळिशीचा माणूस माझ्यासमोर बसला होता आणि मला दप्तर टाकून उभा राहिलेला सोन्या दिसत होता. मी उठले, त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्याचे केस नुकते टोचायला लागलेत. तो रडला, तुमच्या मढ्यापाशी रडला नव्हता इतका रडला. तुम्ही त्याच्यावर माया केली नाही असं मला म्हणायचं नाही. केलीत, डोंगराएवढी केलीत, पण दुसऱ्याच्या पत्त्यावर केलीत. त्याला त्यातलं काही मिळालं नाही. आणि तुम्हालाही तुमच्या वडलांकडून काही मिळालं नव्हतं, तेव्हा तुमच्यावर तरी कुठल्या तोंडानं रागावू? तरी आज रागावले होते. दिवसभर रागावले होते. आता उतरलाय.

मी त्याला सांगितलं, मांडीवर घे. लई घे. पण ते जे कुणी येणार आहे त्याला अजून त्याचं स्वतःचं नावही मिळालेलं नाही, त्याच्या डोक्यावर आधीच माणूस बसवू नको. मुलगी झाली तर काय करणार आहेस, तिला अण्णा म्हणणार? तो रडता रडता हसला. मग म्हणाला, "आई, तुला नाही वाटत ते यावेत?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. ते तुम्हाला द्यायचं आहे.

दुरडी उचलली तेव्हा सगळ्यांच्या आधी मी वाकले होते. गुडघ्याचं भान राहिलं नव्हतं. काजळी दिसत होती, तेल दिसत होतं, आणि तरी पाऊल दिसावं म्हणून मी डोळे बारीक करून बघत होते. एवढी तुमची आठवण येते. चौऱ्याऐंशी लक्ष वेळा दात घासावे लागले तरी चालतील, असं त्या क्षणी वाटलं. तुम्ही आत्ता दारातून आलात, पोर होऊन, म्हातारे होऊन, कसेही, तर मी विचारणार नाही की कुठल्या नियमानं आलात.

पण येऊ नका. हात जोडून सांगते. यायचंच असेल तर बार्शीला या, कुणाच्याही घरी. करकंबला आक्कांच्या अंगणात पाखरू होऊन या, त्या दाणे टाकतील आणि ओळखतीलसुद्धा. तुमचं गच्चीवरचं खरं असेल तर तारेतून जा, कुणाच्या तरी घरी उजेड पडेल. कधीतरी रस्त्यात एखादं पोर माझ्याकडं बघून हसेल आणि मला काही कळणार नाही. चालेल मला. या घरात मात्र येऊ नका. जन्मल्यापासून सोन्या तुमचा बाप होता. आता त्याला त्याच्या लेकराचा बाप होऊ द्या.